घरांतील शास्त्र : वर चढणारा पाट

घरांत कोणास खोकला लागला म्हणजे औषधांची वाण पडत नाहीं. आजी अडुळशाची पानें वाफवावयास सांगतात, काकू ज्येष्ठमधाची कांडी पुढें करतात, मामा दुकानांतून एखादी गोड औषधाची बाटली घेऊन येतात, आणि शेजारच्या वहिनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकावयास सांगतात. मार्ग निरनिराळे असले तरी सर्वांचा हेतु एकच असतो. छातींतला कफ नाहींसा व्हावा. कफ म्हणजे घाण, ती वाळवली, जाळली किंवा दडपली कीं माणूस मोकळा झाला, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजलेली आहे कीं तिच्याविषयीं कोणी शंकाच काढीत नाहीं. ती शंका आज काढावयाची आहे. निरोगी माणसाच्या छातींतहि कफ असतो. तो अहोरात्र तयार होतो, अहोरात्र वाहतो, आणि तो वाहतो म्हणूनच आपलीं फुप्फुसें साठ-सत्तर वर्षें काम देतात. तो वाहावयाचा थांबला कीं रोगास वाट सांपडते.

संस्कृतांत कफास श्लेष्मा म्हणतात. हा शब्द श्लिष् धातूपासून झाला, आणि ही व्युत्पत्ति सुश्रुतसंहितेंत दिलेली आहे. श्लिष् म्हणजे चिकटणें, आलिंगन देणें. साहित्यशास्त्रांत एकाच शब्दास दोन अर्थ बिलगतात तेव्हां त्या अलंकारास श्लेष म्हणतात, तोहि ह्याच धातूचा. आयुर्वेदांतील कफदोष ही फार व्यापक कल्पना आहे. वाग्भटानें कफाचे पांच प्रकार सांगून त्यांपैकीं अवलंबक नांवाच्या कफाचें स्थान उरांत मानलें. अवलंबक म्हणजे आधार देणारा. ती कल्पना आणि सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणारा हा चिकट पदार्थ एकच आहेत असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. तथापि जुन्या ग्रंथकारांनीं कफास निव्वळ मळ न मानतां शरीराचा आधार मानलें, आणि स्रोतसें अडलीं म्हणजे रोग उद्भवतो असें सांगितलें, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढील विवेचनांत मात्र कफ किंवा श्लेष्मा म्हणजे श्वासमार्गांतील तो चिकट पदार्थ, एवढाच अर्थ घ्यावा.

आतां ह्या पदार्थास काम काय आहे तें पाहूं. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें पंधरा वेळां श्वास घेतो, आणि दर खेपेस अर्धा लिटर हवा आंत जाते. हिशेब करून पाहावा. चोवीस तासांत दहा हजार लिटरांहून अधिक हवा होते, म्हणजे वीस लिटरांच्या पांचशे घागरी. पिण्याचें पाणी आपण गाळून घेतों, पीठ चाळून घेतों. ह्या पांचशे घागरींतून येणारी धूळ, काजळी, कापसाचे तंतु, फुलांतील पराग, बुरशीचीं बीजें आणि रोगजंतु हीं गाळण्याची व्यवस्था मात्र निसर्गानें आपल्यावर सोपविलेली नाहीं.

पहिली चाळण नाकाची. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनांहून मोठे कण बहुधा नाकांतच अडकतात. त्यांहून बारीक कण श्वासनळींत उतरतात. ही नळी छातींत शिरल्यावर तिच्या दोन शाखा होतात, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, अशी सुमारें तेवीस वेळां विभागणी होऊन शेवटीं कोट्यवधि वायुकोश लागतात. कल्पनेंत उलटा टांगलेला वृक्ष आणावा. बुंधा गळ्यांत आणि पालवी खालीं पसरलेली. हवा प्रत्येक फांट्यावर वळते, परंतु जड कणांस तितक्या चपळाईनें वळतां येत नाहीं, म्हणून ते भिंतीवर आदळतात. मीं छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून खडूची धूळ घेतली. तिच्यांतील किती तरी कण असेच कुठल्या ना कुठल्या फांट्यावर आदळले असतील. ते तेथेंच सांठत गेले असते तर निवृत्तिवेतन घेण्याची पाळीच आली नसती.

भिंत कोरडी असती तर आदळलेला कण पुन्हां उडाला असता. म्हणून तिच्यावर श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. भिंतींतील पेल्याच्या आकाराच्या पेशी, ज्यांस चषकपेशी म्हणतात, आणि त्यांच्याखालीं असलेल्या ग्रंथि तो तयार करतात. त्यांत शेंकडा सत्त्याण्णव भागांच्या वर पाणीच असतें. उरलेल्या अल्प भागांत क्षार, स्निग्ध द्रव्यें आणि म्यूसिन नांवाचे लांबलचक धागे असतात. सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें म्हणजे त्याभोंवतीं जसा लिबलिबीत थर जमतो, तसे हे धागे पाणी धरून ठेवतात. ह्या थरांत जंतुनाशक द्रव्येंहि असतात. पेनिसिलीनचा शोध १९२८ सालचा. परंतु त्याच अलेक्झांडर फ्लेमिंगनें त्यापूर्वीं सहा वर्षें, १९२२ सालीं, लायसोझाइम नांवाच्या जंतुनाशक द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला होता, आणि तें द्रव्य त्याला सांपडलें तें नाकांतील शेंबडांत. ज्या वस्तूचें नांव काढतांच आपण नाक मुरडतों, तिच्यांत शरीरानें असें शस्त्र ठेवलें आहे.

कण चिकटला, तरी काम अर्धेंच झालें. माश्या पकडण्याचा चिकट कागद भरला म्हणजे फेंकून नवा लावावा लागतो. येथें कागद बदलणार कोण? ह्यासाठीं श्वासमार्गाच्या भिंतींतील बहुसंख्य पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म रोम असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. लॅटिन भाषेंतील त्यांच्या सीलिया ह्या नांवाचा संबंधहि पापणीशींच आहे. एकेका पेशीवर असे सुमारें दोनशें रोम, प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रॉन. हे रोम सेकंदास दहा ते पंधरा वेळां हलतात. म्हणजे एकेक रोम दिवसाकांठीं दहा लाखांच्या आसपास झोले घेतो, आणि हें माणूस झोंपलेला असतांहि चालूच असतें.

त्यांच्या हलण्यांत एक खुबी आहे. नुसतें पुढें-मागें डोललें तर कफ जितका पुढें जाईल तितकाच मागें येईल. नावाडी वल्हें मारतो तेव्हां तें पाण्यांतून नेटानें ओढतो आणि परत नेतांना पाण्याबाहेर काढतो. तसाच प्रकार येथें आहे. पुढच्या झोल्यांत रोम ताठ उभा राहतो आणि त्याचें टोंक श्लेष्म्याच्या थरास ढकलतें. परततांना तो वांकून, भिंतीलगत सरपटत मागें येतो, म्हणून कफ मागें ओढला जात नाहीं. हें साधावें यासाठीं रोमांच्या भोंवतीं चिकट कफ असून चालत नाहीं. त्यांस हलावयास मोकळें, पातळ पाणी लागतें. म्हणून खालीं पातळ थर आणि त्यावर तरंगणारा चिकट थर अशी दुहेरी रचना असते. वरचा चिकट थर खालीं कां उतरत नाहीं, ह्याचा उलगडा अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं केला. रोमांवर बांधलेल्या रेणूंची ब्रशासारखी दाट झालर असते, आणि ती चिकट धाग्यांना आंत शिरूं देत नाहीं. ह्या थरांतलें पाणी आटलें तर वरचा थर रोमांवर दाबला जातो आणि त्यांचें वल्हवणें जड होतें. घरगुती उपचारांचा विचार करतांना ही एक गोष्ट विसरूं नये.

शिवाय सर्व रोम एकदम हलत नाहींत. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला म्हणजे कणसें एकामागून एक लवतात आणि लाट पुढें पुढें जाते, तशी लाट ह्या रोमांवरून जात असते. लाटेमागून लाट, आणि कफाचा पाट फुप्फुसांच्या खोल भागांतून वर सरकत राहतो. कोंकणांत आगराला पाणी देण्यासाठीं पाट काढतात. तो उताराच्या बाजूनेंच वाहणार. हा पाट मात्र चढावर वाहतो. लहान ओहोळ मिळून मोठा ओढा व्हावा त्याप्रमाणें हजारों बारीक नळ्यांतील कफ मोठ्या नळ्यांत येतो आणि शेवटीं एकाच मुख्य श्वासनळींत. तेथें त्याची गति मिनिटास साधारण पांच ते दहा मिलिमीटर असते, म्हणजे बोटाच्या पेराएवढें अंतर दोन-चार मिनिटांत. पाट कंठाशीं पोंचला कीं आपण तो नकळत गिळून टाकतों आणि जठरांतील आम्ल त्यांतील बहुतेक जंतूंचा समाचार घेतें. लहान मूल कफ थुंकत नाहीं, गिळतें, म्हणून पुष्कळ आया घाबरतात. भिण्याचें कारण नाहीं. आपण सर्वच दिवसभर तेंच करीत असतों.

पाटाच्या शेवटच्या टोंकास, म्हणजे वायुकोशांत, रोम नसतात. तेथें प्राणवायूची देवघेव व्हावयाची असते. तेथवर पोंचणाऱ्या एक-दोन मायक्रॉनांच्या कणांस भक्षकपेशी गिळतात. त्यांपैकीं पुष्कळ पेशी आपल्या पोटांतील ओझ्यासह पाटावर येऊन चढतात आणि वर वाहून जातात.

ही सर्व रचना आपोआप चालते. मेंदूचा हुकूम तिला लागत नाहीं. उच्च वर्गाच्या प्राण्यांत रोमांची ही हालचाल असते हें ब्रेस्लाउ येथील पुर्किन्ये आणि व्हालेंटीन ह्या शास्त्रज्ञांनीं १८३४ सालीं दाखविलें. पुढें विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग रूढ झाला. मेलेल्या बेडकाच्या टाळूवर बुचाचा बारीक तुकडा ठेवला तर तो हळूंहळूं घशाकडे सरकत जातो. बेडूक गेला तरी त्याचे रोम कांहीं काळ आपलें काम करीत राहतात. जिवंत माणसांत ही परीक्षा डॉक्टर मोठ्या युक्तीनें करीत आले आहेत. नाकांत, पुढच्या भागाच्या जरा आंत, सॅकरीनचा एक कण ठेवावयाचा आणि रोग्यास स्वस्थ बसवावयाचें. रोम नीट चालत असतील तर बहुधा दहा-वीस मिनिटांत घशांत गोड चव लागते. तास उलटला तरी गोड लागलें नाहीं तर पाटांत कोठें तरी अडथळा आहे असें समजावें.

अडथळा येण्याचीं कारणें मुख्यत्वें तीन. जंतु, धूर आणि जन्मजात दोष.

जंतूंचें उत्तम उदाहरण डांग्या खोकल्याचें. ह्या रोगाचे जंतु रोमांसच येऊन चिकटतात आणि आपल्या विषानें रोमधारी पेशी नष्ट करतात. मग कफ आहे, परंतु त्यास वर नेणारें कोणी नाहीं. अशा वेळीं शरीराजवळ एकच उपाय उरतो, खोकला. मूल निळें-काळें पडेपर्यंत खोकतें, कारण रोमांचें काम आतां छातीच्या स्नायूंस करावें लागतें. जंतु गेल्यावरहि हा खोकला आठवडेच्या आठवडे टिकतो, कारण उजाड झालेली भिंत पुन्हां रोमांनीं भरून येण्यास वेळ लागतो. इन्फ्लुएंझांतहि असेंच होतें. ताप चार दिवसांत उतरतो आणि खोकला तीन आठवडे रेंगाळतो, तो ह्याच कारणानें. २०२० सालापासून ज्या कोविडनें घरोघर शोक केला, त्याच्या विषाणूनेंहि आरंभीं नाकांतील रोमधारी पेशींवरच घाला घातला. डांग्या खोकल्यावरची लस बालकांस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पुढें दीड वर्षाच्या सुमारास आणि पांचव्या वर्षीं पुन्हां टोंचावयाची असते. ह्यांत हयगय करूं नये.

दुसरें कारण धूर. तंबाखूच्या धुरानें रोमांची हालचाल मंदावते, ते आंखूड होतात, आणि दुसरीकडे चषकपेशींची संख्या वाढून कफ मात्र जास्त होऊं लागतो. पाणी वाढावें आणि पाट बुजावा, तसें हें आहे. विडी ओढणाऱ्या गृहस्थाचा पहांटेचा खोकला म्हणजे रात्रभर तुंबलेला पाट हातानें उपसणें होय. पुष्कळजण म्हणतात कीं पहिली विडी ओढल्यावर छाती मोकळी होते. ती मोकळी होते खोकल्यामुळें, आणि पाट बिघडवला तो विडीनेंच. विडी सोडल्यावर पहिले कांहीं आठवडे खोकला उलट वाढलेला वाटतो. तेव्हां सोडणाऱ्यानें धीर सोडूं नये, आणि घरच्यांनींहि त्यास हंसूं नये. रोम पुन्हां कामाला लागत असल्याचें तें चिन्ह असूं शकतें.

परंतु आपल्या घरांतील धूर केवळ विडीचा नसतो. चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडांत किती धूर जातो ह्याचें मोजमाप कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेंतील खेड्यांत जाऊन केलें आणि तें १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें २००९ सालीं पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत, आयुष्यांत कधीं विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाहि फुप्फुसांच्या नळ्या अरुंद करणारा जुनाट रोग कसा होतो, ह्याकडे जगाचें लक्ष वेधलें; सर्पण आणि गोवऱ्यांचा धूर हें त्यांतील एक प्रमुख कारण. शहरांतील वाचक म्हणतील, आमच्याकडे गॅस आहे. ठीक आहे. परंतु दारें-खिडक्या लावून रात्रभर जळणारी डांस मारण्याची कॉइल? २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, चीन आणि मलेशियांतील बनावटीच्या कॉइली जाळून पाहिल्या, तेव्हां एका कॉइलीमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचें वजन पंचाहत्तर ते एकशें सदतीस सिगारेटींच्या धुरांतील कणांइतकें भरलें. घरांत सिगारेट शिवत नाहीं अशा सोंवळ्या कुटुंबानेंहि ह्या आंकड्यांचा विचार करावा. मच्छरदाणीला धूर नसतो.

आणि आतां एक नाजूक गोष्ट. न्हाऊ-माखू घातल्यावर तान्ह्या बाळास ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या पाली ह्यांची धुरी देण्याची चाल आपल्या घरांत पिढ्यान्-पिढ्या आहे. ती ज्या आजींनीं चालविली त्यांच्या मायेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. बाळ कोरडें राहावें, त्यास सर्दी होऊं नये, हाच त्यांचा हेतु. परंतु नवजात बालकाची मुख्य श्वासनळी व्यासानें जेमतेम चार-पांच मिलिमीटर असते, आणि पुढच्या शाखा तर विचारावयास नकोत. इतक्या अरुंद वाटेंत थोडी सूज आली, थोडा कफ अडला, तरी मूल धापा टाकूं लागतें. निखाऱ्यावर टाकलेली वस्तु औषधी असली तरी तिचा धूर हा धूरच. धुरानें ज्या रोमांना इजा होते त्यांच्याच भरंवशावर बाळाची छाती स्वच्छ राहावयाची असते. कोमट पाण्यानें न्हाऊ घालून, मऊ कापडानें पुसून, कपड्यांत गुंडाळून आईजवळ दिलें म्हणजे बाळास पुरेशी ऊब मिळते. सुनेनें ही गोष्ट सांगितली तर तो आगाऊपणा ठरतो, म्हणून ती वडील पिढीनेंच आपण होऊन सांगावी आणि शेगडी बाजूस ठेवावी. बाळंतिणीची खोलीहि ह्याच न्यायानें धूरमुक्त असावी.

तिसरें कारण जन्मजात. झुरिक येथील डॉक्टर कार्टागेनर यांनीं १९३३ सालीं कांहीं रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांना सतत सर्दी, छातींत जुनाट कफ, आणि आश्चर्य म्हणजे हृदय उजव्या बाजूस! ह्या तीन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, हें कोडें चाळीस वर्षें सुटलें नाहीं. १९७६ सालीं स्टॉकहोमचे अफ्झेलिअस यांनीं तें सोडविलें. प्रत्येक रोमाच्या पोटांत सूक्ष्म नलिकांच्या नऊ जोड्या वर्तुळाकार आणि मधोमध दोन नलिका अशी रचना असते. जोड्यांना डायनिन नांवाच्या द्रव्याचे लहान हात असतात आणि त्यांच्या ओढीनें रोम वांकतो. ह्या रोग्यांच्या रोमांत ते हातच नव्हते. मग हृदय उजवीकडे कां? १९९८ सालीं जपानांत हिरोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या गर्भांत पाहिलें कीं आरंभींच्या एका अवस्थेंत कांहीं रोम गरगर फिरून भोंवतालचा द्रव डावीकडे वाहवतात, आणि त्या प्रवाहावरून शरीराची डावी-उजवी बाजू ठरते. रोम निश्चल असले तर ती निवड दैवावर पडते. म्हणून अशा रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांचें हृदय उजवीकडे असतें आणि निम्म्यांचें नेहमींच्या जागीं.

हा रोग विरळा आहे, परंतु घरांत तो ओळखला जात नाहीं हें दुःख आहे. जन्मल्यापासून बारा महिने ओला खोकला, सदा वाहणारें नाक, वारंवार फुटणारे कान, असें मूल असलें म्हणजे ‘कफप्रकृतीचें आहे, मोठेपणीं सुधारेल’ म्हणून आपण मोकळे होतों. मूल मोठें होतें, आणि तोंवर तुंबलेल्या कफानें श्वासनळ्या कायमच्या सैल होऊन बसतात. निश्चल रोमांस चालविणारें औषध अजून हातीं आलेलें नाहीं. परंतु रोज छातीचा व्यायाम व थापट्या देऊन कफ काढणें, जंतूंचा वेळींच बंदोबस्त करणें, एवढ्यानें फुप्फुसांचें पुष्कळ रक्षण होतें. म्हणून चार आठवड्यांवर रोज ओला खोकला असलेलें मूल डॉक्टरांस दाखवावेंच. हा दोष बहुधा आई आणि बाप दोघांकडूनहि आला तरच प्रकट होतो. म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे देशस्थांत व इतर अनेक ज्ञातींत आहे. अशा घरीं एखादें मूल असें आजारी असेल तर पुढचें नातें जुळवितांना पत्रिकेबरोबर डॉक्टरांचाहि सल्ला घ्यावा.

आतां घरगुती नियम. पहिला, ओला खोकला दाबूं नये. खोकला म्हणजे पाटाचा मदतनीस. दोन वर्षांखालील मुलांस खोकला-सर्दीचीं तयार औषधें देऊं नयेत अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानें २०२५ सालीं काढली आहे. गोड बाटली आणणाऱ्या मामांनीं ती ध्यानांत ठेवावी. एक वर्षावरील मुलास झोंपतांना चमचाभर मध चालेल. एक वर्षाच्या आंतील बाळास मध चाटवूं नये, त्यापासून क्वचित् पण भयंकर विषबाधा होते.

दुसरा, कफ सुकवूं नये. सर्दी सुकविणाऱ्या कित्येक गोळ्यांनीं कफ घट्ट होऊन बसतो. धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर ओढण्याची हिंदुस्थानांतील रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेहून इंग्लंडांत गेली. त्या धुरानें आवळलेल्या नळ्या सैल होत, परंतु धोतऱ्यांतील विष कफ वाळवितें आणि रोमांस मंद करितें. आज ह्या कामासाठीं निर्धोक औषधें उपलब्ध असतां त्या विषारी वनस्पतीच्या वाटेस जाऊं नये.

तिसरा, पाणी. तापांत मुलांस आणि वृद्धांस घोट घोट पाणी, पेज, सार देत राहावें. ओलाव्याचें महत्त्व किती, हें ऑस्ट्रेलियांत एका चमत्कारिक रीतीनें दिसलें. सिस्टिक फायब्रोसिस नांवाचा एक आनुवंशिक रोग आहे. त्यांत क्षारांची वाहतूक बिघडून कफ डिंकासारखा घट्ट होतो. समुद्राच्या लाटांवर फळीनें खेळणाऱ्या रोग्यांची छाती इतरांपेक्षां बरी असते असें तेथील डॉक्टरांच्या लक्षांत आलें. मग शेंकडा सात भाग मिठाच्या पाण्याचे तुषार हुंगवून परीक्षा केली, आणि २००६ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. रोगाचे झटके कमी झाले होते. खारट तुषार पेशींतील पाणी वर ओढून पाटाला ओल देतात. हा उपचार मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालींच करावयाचा, कारण कित्येकांची छाती त्यानें आवळते. जलनेति करणारांनीं उकळून गार केलेलेंच पाणी वापरावें. नळाच्या वा विहिरीच्या कच्च्या पाण्यांतून क्वचित् प्राणघातक जंतु मेंदूपर्यंत जातात. साधी वाफ घेतल्यानें मोठ्या माणसास बरें वाटतें, परंतु उकळत्या पातेल्यावर मुलास वांकवूं नये. त्या पाण्यानें भाजण्याचा धोका सर्दीहून पुष्कळ मोठा आहे.

चौथा, दोन आठवड्यांवर टिकणारा खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठीं तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यांत मोफत होते. थुंकींतून रक्त पडणें, धाप लागणें, वजन उतरणें ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर दोन आठवडेहि थांबूं नये.

ह्या पाटाची राखण करण्यास मोठासा खर्च लागत नाहीं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी, विडी ओढणाऱ्या वडिलांनीं ती सोडावी आणि सोडवत नसेल तोंवर घराबाहेर जावें, रात्रीं कॉइलीऐवजीं मच्छरदाणी लावावी, आणि येत्या बारशाच्या वेळीं धुरीची शेगडी माळ्यावरून खालीं काढूं नये.